शोधनिबंधांतील चुकांची दुरुस्ती

शोधनिबंधांतील चुकांची दुरुस्ती : प्रसिद्ध झालेल्या वैज्ञानिक निबंधात निरीक्षण, मापन, गणन, नमुन्यांची ओळख किंवा अनुमान यांत राहून गेलेली चूक उघडकीस आणणे, मूळ निबंध ज्या नियतकालिकात आला त्यातच तिची नोंद करणे आणि त्या चुकीवर उभारलेले पुढील काम पुन्हा तपासणे, या तिहेरी कार्याला ही संज्ञा लावता येईल. यांपैकी पहिला भाग बुद्धीचा, दुसरा चिकाटीचा व तिसरा बहुधा कोणाचाच नसलेला असा आहे. विज्ञान स्वतःच्या चुका स्वतःच सुधारते, असे म्हणण्याची प्रथा आहे. दीर्घ कालावधीचा विचार केल्यास हे विधान बव्हंशी खरे ठरते; तथापि त्या वाक्याचा कर्ता अमूर्त आहे. प्रत्यक्षात चूक सुधारते ती एखादी व्यक्ती, आणि तिला त्यासाठी वेळ, पैसा व पुष्कळदा सहकाऱ्यांची मर्जीही खर्ची घालावी लागते.

दुरुस्तीचे औपचारिक प्रकार मुख्यतः तीन आहेत. किरकोळ चुकीसाठी लेखक किंवा प्रकाशक शुद्धिपत्र देतो. निष्कर्षाविषयीच वाद असल्यास दुसरा संशोधक टिप्पणी पाठवितो व मूळ लेखकाच्या प्रत्युत्तरासह ती छापली जाते. निष्कर्ष मुळातच विश्वसनीय राहिला नसेल, तर निबंध मागे घेतला जातो. म्हणजे तो नष्ट केला जात नाही, तर यापुढे त्याचा आधार घेऊ नये अशी सूचना प्रसिद्ध होते. निबंध मागे घेण्यास अप्रामाणिकपणाच कारण असतो असे नाही, परंतु तशी समजूत रूढ झाल्यामुळे प्रामाणिक लेखकही ते पाऊल टाकण्यास कचरतात.

शुद्धिपत्राने चूक सुधारतेच असे नाही, याचे उदाहरण एकोणिसाव्या शतकातील कोष्टकांत सापडते. नौकानयनासाठी वापरल्या जाणाऱ्या टेलर यांच्या लॉगरिथम कोष्टकांतील चुकांचे शुद्धिपत्र ब्रिटनच्या नाविक पंचांगाच्या १८३२ च्या अंकात आले. त्या शुद्धिपत्रात चूक निघाल्याने १८३३ च्या अंकात त्याची दुरुस्ती करावी लागली. आणि दुरुस्तीतही चूक झाल्याने १८३४ मध्ये तिसरी दुरुस्ती द्यावी लागली. चार्ल्स बॅबेज यांच्या गणनयंत्राची आवश्यकता पटवून देताना डायोनिशस लार्डनर यांनी १८३४ मध्ये ही हकीकत दिली आहे. कोष्टकातील एका अंकामुळे जहाज खडकावर आदळू शकते हे सर्वांना कळत होते, म्हणून निदान ही दुरुस्तीची मालिका पुरी तरी झाली. जेथे असा प्रत्यक्ष धोका दिसत नाही तेथे चूक निवांत नांदते.

मानवी गुणसूत्रांची संख्या : अशा निवांत नांदलेल्या चुकीचे सर्वांत बोधक उदाहरण म्हणजे मानवी कोशिकेतील गुणसूत्रांची संख्या. अमेरिकन प्राणिवैज्ञानिक थिऑफिलस पेंटर यांनी वृषणाच्या ऊतकाचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ही संख्या ४८ असल्याचे १९२३ मध्ये प्रसिद्ध केले. छेदांत गुणसूत्रे एकमेकांवर चढलेली व कापली गेलेली असत, त्यामुळे मोजणी अवघड होती. त्याआधीच्या एका टिपणात पेंटर यांनीच सर्वांत स्पष्ट दिसणाऱ्या कोशिकांत ४६ गुणसूत्रे आढळल्याचे नमूद केले होते. तरीही अंतिम निबंधात ४८ हा आकडा आला आणि पुढील तीन दशके पाठ्यपुस्तकांत तोच छापला गेला.

या काळात इतरांनी मोजणी केलीच नाही असे नव्हे. केली, पण काय मोजावयाचे आहे हे त्यांना आधीच ठाऊक होते. चिनी-अमेरिकन कोशिकावैज्ञानिक टी. सी. शू यांना १९५२ च्या सुमारास द्रावण तयार करताना झालेल्या एका चुकीमुळे अशी युक्ती सापडली की, सौम्य लवणद्रावणात कोशिका फुगून गुणसूत्रे सुटी सुटी पसरतात. अशा सुट्या पसरलेल्या गुणसूत्रांपुढे बसूनही शू यांनी ४८ हीच संख्या दिली. ही युक्ती आणि काल्चिसीन हे द्रव्य वापरून जो हिन त्जियो (मूळचे जावातील) व आल्बर्ट लेव्हान यांनी स्वीडनमधील लुंड येथे गर्भाच्या फुप्फुसातील कोशिका तपासल्या, तेव्हा त्यांना पुन्हा पुन्हा ४६ गुणसूत्रे मिळाली. त्यांचा निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याच वर्षी इंग्लंडमध्ये चार्ल्स फोर्ड आणि जॉन हॅमर्टन यांनी त्याला दुजोरा दिला.

त्या निबंधातील एक नोंद मूळ शोधाइतकीच महत्त्वाची आहे. त्यापूर्वी स्वीडनमध्येच ईव्हा हान्सेन-मेलांडर व त्यांचे सहकारी गर्भाच्या यकृतातील कोशिकांचा अभ्यास करीत होते. त्यांनाही वारंवार ४६ च गुणसूत्रे दिसत होती. पण ‘सर्व ४८’ सापडत नाहीत म्हणून त्यांनी ते काम तात्पुरते थांबविले होते. म्हणजे बरोबर उत्तर हाती आले असता ते तंत्रातील दोष म्हणून बाजूला ठेवले गेले. चुकीच्या संख्येची किंमत केवळ तात्त्विक नव्हती. सामान्य संख्या निश्चित नसल्याने कमी-अधिक गुणसूत्रांमुळे होणाऱ्या विकृती ओळखणे शक्य नव्हते. ती निश्चित झाल्यावर तीनच वर्षांत, १९५९ मध्ये, डाउन लक्षणसमूह असलेल्या मुलांत ४७ गुणसूत्रे असतात हे फ्रान्समध्ये सिद्ध झाले.

भौतिकीतील समांतर उदाहरण इलेक्ट्रॉनाच्या विद्युत् भाराचे आहे. रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांच्या प्रयोगावरून १९१३ मध्ये व पुन्हा १९१७ मध्ये हे मूल्य ४·७७४ × १०⁻¹⁰ स्थिर विद्युत् एकक असे दिले आणि त्यातील संभाव्य चूक हजारात एकाच्या आसपास सांगितली. आजचे मूल्य सु. ४·८०३ × १०⁻¹⁰ आहे. म्हणजे तफावत सांगितलेल्या मर्यादेच्या कितीतरी बाहेर होती. दोष थेंबांत नव्हता. गणितात वापरलेली हवेची श्यानता (प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध) सु. अर्ध्या टक्क्याने कमी धरली गेली होती. १९२८ च्या सुमारास रेखित जालकांच्या साहाय्याने क्ष-किरणांच्या तरंगलांबी थेट मोजता येऊ लागल्या आणि त्यांवरून विद्युत् भाराचे मूल्य जास्त येऊ लागले. ही विसंगती प्रथम स्फटिकांच्या रचनेवर ढकलण्याचा प्रयत्न झाला. हवेच्या श्यानतेचे नव्याने मापन झाल्यावर १९३५ च्या सुमारास तिचा उलगडा झाला. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ मधील एका भाषणात या प्रकरणाचा उल्लेख करून, मिलिकन यांच्यापेक्षा फार वेगळे मूल्य आले की संशोधक स्वतःच्या प्रयोगात दोष शोधीत आणि जवळचे आले की शोध थांबवीत, असे स्पष्टीकरण दिले. ते आकर्षक आहे. तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते या बाबतीत स्वतंत्र पद्धतीचा अभाव हेच अधिक मोठे कारण होते. त्याच पद्धतीने शंभरदा मोजले असता तीच चूक शंभरदा मिळते.

दुरुस्तीच्या मार्गातील अडथळे : वरील दोन्ही चुका नव्या तंत्रामुळे सुधारल्या, कोणाशी भांडावे लागले नाही. एका विशिष्ट निबंधातील विशिष्ट चूक दाखवून द्यावयाची असेल, तर मात्र परिस्थिती निराळी असते. येथे आक्षेपकाला मूळ लेखक, त्याची संस्था आणि नियतकालिकाचा संपादक अशा तिघांना पटवावे लागते आणि तिघांचेही हित विलंबात असते. लेखकाची प्रतिष्ठा पणाला लागते, संस्थेला अनुदानाची चिंता असते आणि संपादकाला, आपण व आपल्या परीक्षकांनी तो निबंध स्वीकारला होता, हे मान्य करावे लागते. टिप्पणीला शब्दमर्यादा असते, बहुधा मूळ निबंधाच्या एका अंशाइतकी. प्रत्युत्तर देण्याचा अधिकार मूळ लेखकाला असतो व ते आक्षेपकाला आधी पाहावयास मिळेलच असे नाही. अमेरिकेतील जॉर्जिया तंत्रविद्या संस्थेचे भौतिकीविज्ञ रिक ट्रेबिनो यांनी एक टिप्पणी छापून आणण्याच्या आपल्या खटपटीचा वृत्तांत २००९ मध्ये १२३ पायऱ्यांत मांडला. तो उपरोधाने लिहिलेला असला, तरी वाचणाऱ्या अनेकांना स्वतःचाच अनुभव वाटला.

पोषण व लठ्ठपणा या विषयांतील संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड ॲलिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सु. १८ महिन्यांत पंचवीसहून अधिक निबंधांतील गंभीर चुका लेखकांना व संपादकांना कळविल्या. त्यांचा अनुभव २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक संपादकांना असे पत्र आल्यावर काय करावयाचे हेच ठाऊक नव्हते, उत्तरे येण्यास महिनोन् महिने लागले आणि काही ठिकाणी तर दुसऱ्याची चूक दाखविणारे पत्र छापण्यासाठी पत्रलेखकाकडेच शुल्क मागण्यात आले. आणखी डझनभर चुका हाताशी असतानाही, वेळ पुरेना म्हणून, या गटाने ते काम थांबविले. नव्या शोधाला पदोन्नती व अनुदान मिळते, दुरुस्तीला बहुधा काहीच मिळत नाही, हे लक्षात घेता यात नवल नाही.

खोट्या नावाच्या कोशिका : काही चुका कोणत्याही एका निबंधाच्या नसतात, त्या सामग्रीबरोबर प्रवास करतात. १९५१ मध्ये बॉल्टिमोर येथील हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदातून वाढविलेल्या कोशिका ‘हेला’ या नावाने जगभर गेल्या. त्या इतक्या जोमाने वाढतात की, एखादा थेंब दुसऱ्या पात्रात पडला तरी तेथील मूळ कोशिकांना मागे सारून त्या पात्राचा कब्जा घेतात. पात्रावरील चिठ्ठी मात्र जुनीच राहते. अमेरिकन आनुवंशिकीविज्ञ स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६६ मध्ये दाखविले की, वेगवेगळ्या व्यक्तींच्या व ऊतकांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या १८ कोशिका-वंशांत एका एंझाइमाचा असा प्रकार आढळतो की, जो जवळजवळ केवळ आफ्रिकी वंशाच्या लोकांतच मिळतो, आणि लॅक्स यांच्या कोशिकांतही तो होता. यांतील अनेक वंश श्वेतवर्णीय दात्यांचे असल्याची नोंद होती. सभेत या निष्कर्षाचे स्वागत थंडपणे झाले. वॉल्टर नेल्सन-रीस यांनी १९७० नंतरच्या दशकात दूषित वंशांच्या याद्या, ते वापरणाऱ्या प्रयोगशाळांच्या नावांसह, छापण्यास सुरुवात केली, तेव्हा त्यांना आभारांपेक्षा रोषच अधिक मिळाला.

स्वरयंत्राच्या कर्करोगाच्या म्हणून समजलेल्या ‘हेप-२’, मुखाच्या कर्करोगाच्या ‘केबी’, आतड्याच्या ‘इंट ४०७’ आणि यकृताच्या ‘चँग लिव्हर’ या कोशिका प्रत्यक्षात हेला आहेत हे कळून कित्येक दशके झाली, तरी त्या नावांनी त्या अद्याप वापरल्या गेल्याचे आढळते. चुकीची ओळख असलेल्या कोशिकांवर आधारलेले ३२,७५५ निबंध वैज्ञानिक वाङ्मयात असल्याची गणना नेदर्लंड्समधील दोन अभ्यासकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. यांतील प्रत्येक निबंध चुकीचा आहे असे नाही. कोणतीही मानवी कोशिका चालली असती असे प्रयोगही त्यांत आहेत. परंतु कोणता निबंध कोणत्या वर्गात पडतो हे ठरविण्यासाठी ते सर्व वाचावे लागतील, आणि ते काम कोणाच्याही कर्तव्यात मोडत नाही. आता अशा वंशांची आंतरराष्ट्रीय यादी ठेवली जाते व अनेक नियतकालिके कोशिकांच्या डीएनए-परीक्षणाचा पुरावा मागतात. कोशिका शेजारच्या प्रयोगशाळेतून हातोहात न घेता अधिकृत संचयिकेतून घ्याव्यात, असा दंडक आहे. भारतात पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राची संचयिका देशभरच्या प्रयोगशाळांना असा पुरवठा करते.

विलंबाचा उपसर्ग रुग्णांना : अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील अनिल पोट्टी, जोसेफ नेव्हिन्स व सहकारी यांनी २००६ मध्ये असा दावा केला की, अर्बुदातील जनुकांच्या क्रियाशीलतेवरून कोणत्या रुग्णाला कर्करोगावरील कोणते औषध लागू पडेल हे आधीच सांगता येते. टेक्सस राज्यातील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राच्या वैद्यांना ही पद्धत वापरावयाची होती, म्हणून त्यांनी कीथ बॅगर्ली व केव्हिन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांना ती तपासण्यास सांगितले. प्रसिद्ध आधारसामग्रीवरून त्यांना मूळ आकडे येईनात. उलट दिशेने वाटचाल करून त्यांनी चुका शोधल्या, तेव्हा त्या अगदी साध्या निघाल्या. जनुकांची यादी एका ओळीने सरकली होती. त्यामुळे प्रत्येक नावापुढे शेजारच्या जनुकाचा आकडा आला होता. काही ठिकाणी औषधाला दाद देणारे व न देणारे यांच्या चिठ्ठ्या उलट लागल्या होत्या. अशा उलट चिठ्ठीचा वैद्यकीय अर्थ असा की, ज्या रुग्णाला औषध लागू पडणार नाही त्यालाच ते दिले जावे.

त्यांचे पहिले पत्र मूळ नियतकालिकात २००७ मध्ये छापले गेले, सोबत लेखकांचे प्रत्युत्तर होते, आणि वाचकांच्या दृष्टीने हा दोन तज्ञांमधील मतभेद ठरला. त्याच वर्षी ड्यूक येथे या पद्धतीवर आधारित रुग्णचाचण्या सुरू झाल्या. पुढील काही आक्षेपांना वैद्यकीय नियतकालिकांत जागा मिळाली नाही. अखेर संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात २००९ मध्ये त्यांचा सविस्तर निबंध आला. चाचण्या थांबविण्यात आल्या, विद्यापीठाने बाहेरच्या परीक्षकांकडून पाहणी करविली. परंतु बॅगर्ली व कूम्ब्स यांचे नवे आक्षेप त्या परीक्षकांपर्यंत पोचविण्यात आले नव्हते. २०१० च्या प्रारंभी चाचण्या पुन्हा सुरू झाल्या.

त्या कायमच्या बंद पडल्या त्या गणितामुळे नव्हे. पोट्टी यांनी अनुदानाच्या अर्जात आपल्याला ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाल्याचे खोटेच लिहिले होते, हे एका वृत्तपत्रिकेने जुलै २०१० मध्ये उघड केले, आणि मग काही महिन्यांत निबंध मागे घेतले जाऊ लागले. २००६ चा निबंध जानेवारी २०११ मध्ये मागे घेतला गेला. पोट्टी यांनी खोटी आधारसामग्री वापरल्याचा निर्णय अमेरिकेच्या शासकीय कार्यालयाने २०१५ मध्ये दिला. तोपर्यंत शंभराहून अधिक रुग्ण या चाचण्यांत दाखल होऊन गेले होते. बॅगर्ली यांच्या अंदाजानुसार या तपासाला सु. १,५०० तास लागले. तीन वर्षे मांडलेला अंकगणिताचा पुरावा जे करू शकला नाही, ते परिचयपत्रातील एका ओळीने केले, ही गोष्ट संशोधनसंस्थांना भूषणावह नाही.

हिमालयातील जीवाश्म : भारतातील सर्वांत मोठे प्रकरण भूविज्ञानातील आहे. चंडीगढ येथील पंजाब विद्यापीठातील पुराजीववैज्ञानिक विश्वजित गुप्ता यांनी १९६० नंतरच्या दशकापासून सु. २५ वर्षांत हिमालयातील जीवाश्मांवर तीनशेहून अधिक निबंध, देशोदेशीच्या अनेक तज्ञांच्या सहलेखनाने, प्रसिद्ध केले. जीवाश्मांवरून खडकांचे वय ठरते, वयावरून स्तरांची जुळणी होते आणि जुळणीवरून पर्वताच्या घडणीचा इतिहास लिहिला जातो. त्यामुळे या निबंधांचा आधार सर्वत्र घेतला गेला. ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी विद्यापीठाचे जॉन टॅलेंट यांनी १९८७ मध्ये एका परिषदेत आणि १९८८ मध्ये भारतीय सहकाऱ्यांसमवेत लिहिलेल्या प्रबंधात आक्षेप मांडले. एप्रिल १९८९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचा लेख आल्यावर प्रकरण जगापुढे आले. हिमालयातील म्हणून वर्णन केलेले काही कोनोडोंट (दातांसारखे सूक्ष्म जीवाश्म) न्यूयॉर्क राज्यातील ॲम्सडेल क्रीक येथील सुपरिचित नमुन्यांशी तंतोतंत जुळत होते, तर काही अमोनॉइड मोरोक्कोतील एर्फूद परिसरातील, दुकानांत विकत मिळणाऱ्या नमुन्यांसारखे होते. गुप्ता यांनी आरोप नाकारले. विद्यापीठाच्या चौकशीत मात्र ते दोषी ठरले.

इतकी वर्षे हे कसे चालले, याचे उत्तर कामाच्या वाटणीत आहे. नमुने गुप्ता पुरवीत. सहलेखक परदेशातील आपल्या प्रयोगशाळेत बसून त्यांचे वर्णन करीत. वर्णन बहुधा अचूक असे, खोटे असे ते फक्त ठिकाण. त्यातही ठिकाणाचा निर्देश मोघम असे आणि स्थळे दुर्गम, पुष्कळदा सीमाभागातील असत, त्यामुळे पुन्हा जाऊन पाहणे कोणालाही सोपे नव्हते. क्षेत्रात हिंडणाऱ्या भारतीय भूवैज्ञानिकांना त्या स्तरांत ते जीवाश्म सापडत नसत. परंतु ‘मला सापडला नाही’ हा नकारात्मक पुरावा कोणते नियतकालिक छापणार? शिवाय नामांकित विदेशी सहलेखकांच्या स्वाक्षरीमुळे शंका घेणाऱ्याचीच योग्यता संशयास्पद ठरे.

या प्रकरणात दुरुस्तीचा तिसरा भाग, म्हणजे खालच्या कामाची फेरतपासणी, विशेष जड आहे. तीनशे निबंधांपैकी कोणते खरे व कोणते खोटे हे निबंध वाचून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक स्थळी जाऊन स्तर पुन्हा धुंडाळावे लागतात. व्यवहारात भूवैज्ञानिकांनी या सर्व निबंधांकडे दुर्लक्ष करण्याचा मार्ग पत्करला, आणि त्यांत काही अस्सल शोध असतील तर तेही त्याबरोबर गेले. बहुसंख्य निबंध औपचारिक रीतीने मागे घेतले गेलेले नाहीत.

याउलट मार्ग शक्य आहे, हे दाखविणारी उदाहरणेही आहेत. अमेरिकेतील जेफ्री चँग यांनी २००१ पासून काही प्रथिनांच्या रचना प्रसिद्ध केल्या होत्या. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २००६ मध्ये तशाच एका प्रथिनाची वेगळी रचना मांडल्यावर चँग यांनी आपले काम तपासले. त्यांच्या संगणक कार्यक्रमात आकड्यांचे दोन स्तंभ उलट झाल्याने रचना आरशातील प्रतिबिंबासारखी पलटली होती. त्यांनी त्याच वर्षी ‘सायन्स’मधील तीन निबंध मागे घेतले व कारण उघडपणे सांगितले. नोबेल पारितोषिक विजेत्या फ्रान्सिस आर्नल्ड यांनी २०१९ चा आपला एक निबंध, प्रयोगाचे निष्कर्ष पुन्हा मिळत नाहीत म्हणून, जानेवारी २०२० मध्ये मागे घेतला. मात्र चँग यांच्या बाबतीतही चुकीच्या रचनेशी न जुळणारे निष्कर्ष काढणाऱ्या इतर संशोधकांना मधल्या पाच वर्षांत आपले काम पटवून देणे जड गेले होते.

निबंध मागे घेण्याचे प्रमाण अलीकडे पुष्कळ वाढले आहे. २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून अधिक निबंध मागे घेतले गेले; त्यांपैकी आठ हजारांहून अधिक हिंदावी या एकाच प्रकाशन संस्थेच्या नियतकालिकांतील होते व त्यांत विकत मिळणाऱ्या बनावट निबंधांचा भरणा होता. या वाढीत चुका वाढल्याचा भाग किती आणि त्या शोधण्याची दक्षता वाढल्याचा किती, हे वेगळे करणे कठीण आहे. मागे घेतल्यानंतरही निबंधाचा प्रभाव लगेच संपत नाही. गोवर, गालगुंड व जर्मन गोवर यांवरील एकत्रित लसीचा संबंध आत्ममग्नतेशी जोडणारा, अवघ्या १२ मुलांच्या पाहणीवरचा अँड्र्यू वेकफील्ड व सहकाऱ्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये फेब्रुवारी १९९८ मध्ये आला. बहुतेक सहलेखकांनी त्यातील अर्थनिर्णयाशी असलेला आपला संबंध २००४ मध्ये सोडला, आणि तो पूर्णपणे मागे घेतला गेला फेब्रुवारी २०१० मध्ये. या बारा वर्षांत ब्रिटनमधील लसीकरणाचे प्रमाण घटून गोवराच्या साथी पुन्हा उद्‌भवल्या होत्या.

मागे घेतलेल्या निबंधांची सूची स्वतंत्रपणे ठेवली जाऊ लागली व २०२३ पासून ती क्रॉसरेफ या निबंध-नोंदणी संस्थेमार्फत सर्वांना खुली आहे. तिच्या आधारे संदर्भ देण्यापूर्वी निबंधाची स्थिती पाहता येते. संगणकावरील प्रतीवर तशी ठळक खूणही छापली जाते. ग्रंथालयांतील बांधीव खंडांत मूळ निबंध एका वर्षाच्या खंडात व तो मागे घेतल्याची सूचना कित्येक वर्षांनंतरच्या खंडात असते, आणि पहिल्या खंडाच्या त्या पानावर कोणतीही खूण नसते.